पडद्यावरचा फुटबॉल इतका घाईत का असतो?

६ फेब्रुवारी २०२२ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० असा पुढे होता. ६८व्या मिनिटाला चीनला पेनल्टी मिळाली आणि त्यांचा पहिला गोल झाला. चारच मिनिटांनी दुसरा गोल झाला आणि बरोबरी साधली गेली. त्यानंतर वीस मिनिटे गोलफलक हललाच नाही. अखेर भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला तिसरा गोल करून चीनने चषक जिंकला.

या सामन्यात पाच गोल झाले, पण ते सारख्या अंतराने झाले नाहीत. फुटबॉलमधली चढाई अशीच असते. बराच वेळ चेंडू मागच्या मागे, आडवा फिरत राहतो, मग अचानक चार-पाच सेकंदांत सगळे घडते आणि पुन्हा सारे शांत होते. जाणकार प्रेक्षक याला खेळाची लय म्हणतात.

आता हाच खेळ पडद्यावर पाहू. फुटबॉलचे व्हिडिओ गेम आपल्या विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. १९९३ साली सुरू झालेली 'फिफा' ही मालिका २०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने निघते. जपानच्या कोनामी कंपनीच्या 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'चे नाव २०२१ मध्ये 'ईफुटबॉल' झाले. या खेळांतील गवत, प्रेक्षकांचा गलका, खेळाडूंचे चेहरे, अंगावरचा घाम, सगळे हुबेहूब असते. पण चढाई पाहिली की काहीतरी खटकते. चेंडू मिळाला की धाव, पास, पुन्हा धाव आणि फटका! मागे पास देऊन दम खाणे नाही, आडवा पास देऊन वाट पाहणे नाही. जणू प्रत्येकाची शेवटची लोकल सुटते आहे.

असे का होते? उत्तर सोपे वाटते: 'खेळाडू फार जोरात पळतात, त्यांचा वेग कमी करा.' पण या उपायाने रोग बरा होत नाही. का होत नाही ते शोधताना थोडे गणित, थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे शरीरशास्त्र लागते. शिवाय, निसर्गातील एखाद्या घटनेची संगणकावर नक्कल करताना कोणत्या अडचणी येतात, याचाही एक चांगला धडा मिळतो.

नव्वद मिनिटे बारा मिनिटांत

पहिली अडचण वेळेची. खरा सामना ९० मिनिटांचा. पडद्यावर एवढा वेळ कोण बसणार? म्हणून या खेळांत साधारणपणे सहा-सहा मिनिटांचे दोन भाग ठेवतात. पडद्यावरचे घड्याळ मात्र ९० मिनिटे दाखवते. म्हणजे ते खऱ्या घड्याळाच्या साडेसात पट वेगाने धावते.

घड्याळ पळवले म्हणून गोल आपोआप वाढत नाहीत. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सुमारे २.७. खेळाडू अगदी खऱ्यासारखे खेळू लागले, तर बारा मिनिटांत सरासरी किती गोल होतील? २.७ भागिले ७.५, म्हणजे ०.३६.

वरिष्ठ विद्यार्थ्यांना येथे पॉयसाँच्या सूत्राची ओळख करून देता येईल. क्वचित आणि एकमेकांवर फारशा अवलंबून नसलेल्या घटनांची सरासरी म असेल, तर एकही घटना न घडण्याची संभाव्यता ई या संख्येचा उणे म घात इतकी असते. म ऐवजी २.७ घातले तर उत्तर ०.०६७ येते. म्हणजे खऱ्या फुटबॉलमध्ये शंभरातले सहा-सात सामने ०-० सुटावेत. (२०२२ च्या विश्वचषकात सूत्राप्रमाणे चार-पाच सामने गोलशून्य सुटायला हवे होते, प्रत्यक्षात सात सुटले. संघांची ताकद सारखी नसते आणि काही संघ मुद्दामच सावध खेळतात, हे आपले साधे सूत्र विचारात घेत नाही.) आता म ऐवजी ०.३६ घाला. उत्तर येते ०.७०. बारा मिनिटांच्या खेळात शंभरातले सत्तर सामने गोलशून्य! असा खेळ कोण विकत घेईल?

खऱ्या सामन्यात चेंडू बाहेर जातो, फाउल होतात, खेळाडू बदलतात. ९० पैकी साधारण ५५ ते ६० मिनिटेच चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो. पडद्यावर हा मधला वेळ बराचसा गाळलेला असतो. म्हणून खरे गुणोत्तर साडेसात नसून पाचच्या आसपास धरावे. तरी दहापैकी जवळजवळ सहा सामने गोलशून्य राहतील.

थोडक्यात, खेळ तयार करणाऱ्यांना दर मिनिटाला होणाऱ्या चढाया आणि फटके चार-पाच पटींनी वाढवावेच लागतात. घाईचे हे पहिले कारण. मात्र सगळा दोष त्यावर टाकता येत नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग ठेवून खेळले तरी चढाईची धाटणी तशीच धसमुसळी राहते. फक्त गोल जास्त होतात. तेव्हा मूळ कारण आणखी खोल असले पाहिजे.

शरीर किती वेगाने हलू शकते?

मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंतचे अंतर ३६ मीटर. हे अंतर कापायला कमीत कमी किती वेळ लागेल? युसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिले ३० मीटर कापायला त्याला ३.७८ सेकंद लागले होते. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा ३६ मीटर चार सेकंदांच्या आत पळू शकत नाही. फुटबॉलपटूला तर चेंडूही सांभाळायचा असतो.

बोल्टच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पहिल्या १० मीटरना त्याला १.८९ सेकंद लागले, पण पुढचे प्रत्येकी १० मीटर त्याने एका सेकंदाच्या आत कापले. कमाल वेगापेक्षा तो वेग गाठायला लागणारा वेळ फुटबॉलमध्ये जास्त महत्त्वाचा असतो, कारण तेथे बहुतेक धावा १०-२० मीटरच्याच असतात.

वळण्याचेही तसेच आहे. वर्तुळाकार मार्गावर धावताना केंद्राकडे जे त्वरण लागते, ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतके असते. बुटांना गवताची पकड आहे म्हणून हे त्वरण मिळते, आणि पकडीला मर्यादा असते. समजा, खेळाडूला सेकंदाच्या वर्गामागे ५ मीटर एवढे त्वरण मिळवता येते. मग सेकंदाला ७ मीटर वेगाने पळताना तो ४९ भागिले ५, म्हणजे जवळजवळ १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळातच वळू शकेल. सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर त्रिज्या फक्त १.८ मीटर. म्हणून झटकन वळायचे असेल, तर आधी वेग कमी करावाच लागतो.

तिसरी मर्यादा मेंदूची. डोळ्यांनी पाहिले आणि स्नायू हलले, यांत साध्या प्रसंगीही सुमारे ०.२ ते ०.२५ सेकंद जातात. दोन-तीन पर्यायांतून निवड करायची असेल, तर आणखी वेळ जातो.

संगणकातील खेळाडूला यांपैकी एकही बंधन जन्मतः नसते. त्याचे स्थान म्हणजे स्मरणातील दोन संख्या. आज्ञावलीने सांगितले की त्या संख्या बदलतात. वस्तुमान, पकड, प्रतिक्रियेचा उशीर या सर्व गोष्टी मुद्दाम लिहाव्या लागतात. आणि येथे खेळ तयार करणाऱ्याची खरी पंचाईत होते. हातात नियंत्रक घेऊन बसलेल्या मुलाने कळ दाबली, की खेळाडू लगेच वळला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तर मुलगा म्हणतो, 'गेम अडकतोय.' खऱ्या माणसाला वळताना पाय रोवावा लागतो, शरीर झुकवावे लागते. खरेपणा ठेवला तर खेळ जड वाटतो, आणि हुकूम चटकन मानला तर खेळाडू बाहुली होतो.

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. 'फिफा २२' तयार करताना बावीस खेळाडूंना संवेदक लावलेले पोशाख घालून पूर्ण सामना खेळायला लावले होते. त्यातून मिळालेल्या ८७ लाखांहून अधिक चित्रचौकटींवर संगणकाला शिकवण्यात आले, असे कंपनीने जाहीर केले होते. हालचाल त्यामुळे निश्चित सुधारली. पण पाऊल खऱ्यासारखे पडले म्हणून पाऊल कधी टाकायचे आणि कधी थांबायचे, हे कळतेच असे नाही.

आडव्या पासाचे रहस्य

फुटबॉल नव्याने पाहणारा प्रेक्षक हमखास विचारतो, 'हे पुढे का जात नाहीत? आडवे पास देत का बसलेत?' या प्रश्नाच्या उत्तरातच आपल्या कोड्याची किल्ली आहे.

समजा, चेंडू डाव्या बाजूला आहे. बचाव करणारा संघ त्या बाजूला सरकून दाटीने उभा आहे. चढाई करणाऱ्याने ५० मीटर लांबीचा आडवा पास उजव्या बाजूला दिला. चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर तो अडीच सेकंदांत पोचेल. तेवढ्यात उजवीकडच्या बचावपटूला १५ मीटर सरकून त्या जागेवर पोचायचे आहे. त्याचा कमाल वेग सेकंदाला ७ मीटर आहे.

प्रथम खरा माणूस घेऊ. पास निघाला हे कळायला त्याला ०.३ सेकंद लागतात. उरले २.२ सेकंद. तो उभा आहे, त्याला वेग शून्यापासून वाढवायचा आहे. म्हणून या काळातील त्याची सरासरी सेकंदाला ४ मीटर धरू. तो सुमारे ९ मीटर सरकेल. म्हणजे चेंडू पोचेल तेव्हा तो ६ मीटर दूर असेल आणि पुढील जवळजवळ एक सेकंद चेंडूवाला मोकळा राहील. चेंडू ताब्यात घेणे, मान वर करून पाहणे आणि पुढचा पास देणे, यासाठी चांगल्या खेळाडूला हा एक सेकंद पुरतो.

आता संगणकातील बाहुली घेऊ. तिला पास निघताच कळते आणि तिचा वेग पहिल्याच क्षणी सेकंदाला ७ मीटर होतो. १५ मीटर अंतर ती २.१४ सेकंदांत कापते. चेंडू अडीच सेकंदांनी येतो. म्हणजे चेंडू पोचण्यापूर्वीच बाहुली तेथे हजर!

दोन्ही प्रसंगांत मैदान, चेंडू आणि कमाल वेग तेच आहेत. पण पहिल्यात आडव्या पासाने एक सेकंदाची मोकळीक मिळाली, दुसऱ्यात काहीच मिळाले नाही. मग दुसऱ्या खेळात आडवा पास कोण देईल? तो देऊन फायदा नाही, उलट मधेच चेंडू जाण्याचा धोका. खेळणारा मुलगा हे चार-पाच सामन्यांत अनुभवाने शिकतो. त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो: सरळ पुढे पळणे. त्याला धीर नाही म्हणून तो घाई करतो, असे आपल्याला वाटते. वास्तविक त्या जगाच्या नियमांत घाई हेच शहाणपण असते.

आता 'खेळाचा वेग कमी करा' हा उपाय तपासून पाहू. या खेळांत वेग, पासाची चूक, फटक्याची चूक वगैरे गोष्टी कमीअधिक करण्याची सोय असते. समजा, सर्वांचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला. चेंडू सेकंदाला १६ मीटर जाईल आणि पोचायला ३.१ सेकंद घेईल. बाहुली सेकंदाला ५.६ मीटर पळेल आणि २.७ सेकंदांत पोचेल. तरीही ती चेंडूच्या आधीच हजर आहे! दोन्ही वेग एकाच प्रमाणात कमी केले, म्हणून त्यांचे गुणोत्तर बदलले नाही. खेळ खरा झाला नाही, तो फक्त मंदगती चित्रफितीसारखा झाला.

चढाईची लय वेगावर नव्हे, तर गुणोत्तरांवर ठरते: चेंडूचा वेग आणि माणसाचा वेग, पासाला लागणारा वेळ आणि प्रतिक्रियेला लागणारा वेळ, धावण्याचा काळ आणि दम परत येण्याचा काळ. म्हणून चढाई खरी करायची असेल, तर सुधारणा बचावात करावी लागते. बचावपटूला उशिरा कळू द्या, त्याला हळूहळू वेग घेऊ द्या, वळताना त्याचा वेग कमी होऊ द्या. आडवा पास आपोआप उपयोगी ठरेल आणि खेळ आपोआप संथ होईल. कुणाला 'संथ खेळा' असे सांगावे लागणार नाही.

न पाहणे शिकवावे लागते

हा विचार संशोधकांनी प्रत्यक्षात उतरवला आहे. १९९७ साली जपानमधील नागोया येथे 'रोबोकप' ही यंत्रमानवांची फुटबॉल स्पर्धा पहिल्यांदा झाली. तिच्या एका विभागात यंत्रमानव नसतातच, फक्त आज्ञावल्या एकमेकींविरुद्ध खेळतात. त्या सपाट, द्विमितीय खेळात काळाचे तुकडे सेकंदाच्या एक दशांशाचे असतात. दहा मिनिटांच्या सामन्यात असे ६,००० तुकडे. प्रत्येक आभासी खेळाडूला मर्यादित कोनातलेच दिसते. दूरच्या वस्तूचे अंतर त्याला नेमके कळत नाही. नजर रुंद केली तर माहिती कमी वेळा मिळते, अरुंद केली तर जास्त वेळा. पळताना शक्ती खर्च होते. दिसायला हा खेळ अगदी साधा आहे, खेळाडू म्हणजे नुसती वर्तुळे! पण त्यातील पासांची आखणी पाहणाऱ्याला खऱ्या फुटबॉलची आठवण होते.

एरवी संगणकाला 'पाहायला' शिकवण्यासाठी आपण धडपडतो. येथे त्याला न पाहायला शिकवावे लागते. अज्ञान आणि उशीर हे या प्रतिमानातील दोष नाहीत, ते त्याचे आवश्यक घटक आहेत.

दम आणि दमट हवा

लय ठरवणारा आणखी एक घटक म्हणजे थकवा. मैदानावरचा खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. पण त्यातला बराचसा भाग तो चालतो किंवा हलके धावतो. जिवाच्या आकांताने पळणे त्यात थोडेच असते. याचे कारण स्नायूंत आहे. पहिल्या काही सेकंदांच्या जोरकस धावेसाठी क्रिएटिन फॉस्फेट हे रसायन ऊर्जा पुरवते. त्याचा साठा छोटा असतो. तो संपत आला की निम्मा परत भरायला सुमारे अर्धे मिनिट आणि पूर्ण भरायला काही मिनिटे लागतात. संथ पासांच्या मालिकेचा एक उपयोग हाही आहे. चेंडू फिरत राहतो आणि तेवढ्यात पाय पुन्हा तयार होतात.

येथे बारा मिनिटांचा सामना पुन्हा आडवा येतो. घड्याळ साडेसात पट पळते म्हणून थकवाही साडेसात पट करावा, तर दोन धावांतच खेळाडू धापा टाकू लागेल. न करावा, तर मुले पळण्याची कळ सोडतच नाहीत. मधला मार्ग म्हणून थकव्याचे दोन साठे ठेवता येतात: सामनाभर हळूहळू कमी होणारा मोठा साठा आणि प्रत्येक धावेत रिकामा होऊन पुन्हा भरणारा छोटा साठा. पहिला पडद्यावरच्या घड्याळाप्रमाणे चालवायचा, दुसरा खऱ्या घड्याळाप्रमाणे. शरीराच्या रचनेशीही हे जुळते.

खाडीकाठच्या नवी मुंबईत तर हवेचाही विचार करावा लागेल. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच फिफाचे नियम नुसत्या तापमानावर नसतात. तापमान, आर्द्रता आणि ऊन यांचा एकत्र विचार करणारा एक निर्देशांक ३२ अंश सेल्सियसच्या वर गेला, की पाणी पिण्यासाठी खेळ थांबवता येतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे काही सामने याच नेरूळच्या मैदानावर झाले. त्यांतल्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या हवेत धावणे म्हणजे काय, हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांना वेगळे सांगायला नको. हवेनुसार संघाची लय बदलणारा व्हिडिओ गेम अजून आमच्या पाहण्यात नाही.

पिछाडीवर असताना

आता पुन्हा अंतिम सामन्याकडे वळू. पिछाडीवरचा संघ जोरात का खेळतो? नुसत्या जिद्दीने? त्यामागे गणितही आहे.

समजा, एक संघ सरासरीने ९० मिनिटांत १.३५ गोल करतो. २० मिनिटांत ही सरासरी ०.३ होते. म्हणजे २० मिनिटांत किमान एक गोल करण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के. आता या संघाने धोका पत्करून, बचावपटूंनाही पुढे पाठवून ही सरासरी दुप्पट केली, तर संभाव्यता ४५ टक्के होते. असे केल्याने स्वतःवर गोल होण्याचा धोकाही वाढतो. पण बाद पद्धतीच्या सामन्यात एका गोलाने हरले काय आणि तीन गोलांनी हरले काय, फरक काय पडतो? म्हणून पिछाडीवर असताना वेळ संपत आला की धोका पत्करणे शहाणपणाचे ठरते आणि आघाडीवर असताना चेंडू आडवा फिरवत ठेवणे शहाणपणाचे ठरते.

संगणकाच्या संघाला हे शिकवणे फारसे अवघड नाही. प्रत्येक पासापूर्वी 'यश मिळाले तर किती फायदा, फसला तर किती तोटा' याचा हिशेब करायचा आणि फायद्या-तोट्याचे वजन गोलफलक आणि उरलेला वेळ पाहून बदलायचे. पण आधीच्या सुधारणा केलेल्या असतील तरच याचा उपयोग होतो. संथ खेळून काहीच मिळत नसेल, तर संथ आणि वेगवान यांत निवड कसली?

उत्तर बरोबर, रीत चूक

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. त्यात एवढे डोके कशाला घालायचे?

याचे एक उत्तर मैदानावर आहे. इमारतींच्या गर्दीत मोकळे मैदान सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. पुष्कळ मुले फुटबॉल आधी पडद्यावर शिकतात आणि मग मैदानावर येतात. पडद्यावरून त्यांनी घेतलेला धडा असा, की चेंडू मिळाला की पुढे पळायचे आणि मागे पास देणे म्हणजे भित्रेपणा. हा धडा पुसायला प्रशिक्षकांना फार कष्ट पडतात.

दुसरे उत्तर वर्गात आहे. बारा मिनिटांत दोन-तीन गोल होतात, विजयी संघही बहुधा अपेक्षेप्रमाणेच असतो, म्हणजे गोलफलक अगदी खऱ्यासारखा दिसतो. पण तो गोलफलक ज्या मार्गाने आला, तो मार्ग खोटा असतो. गणिताच्या शिक्षकांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे: उत्तर बरोबर, रीत चूक. दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढले, की असे होते. येथे 'वेळ फार कमी' ही एक चूक 'चढाया फार जास्त' या दुसऱ्या चुकीने झाकली गेली.

आम्ही संशोधक पावसाची, साथीच्या रोगांची, शहरातील वाहतुकीची अशीच प्रतिमाने संगणकावर करतो. तेथेही हा मोह असतो. एखादी संख्या थोडी वरखाली केली की गेल्या वर्षीचे आकडे छान जुळतात. पण रीत चुकलेली असेल, तर परिस्थिती बदलताच प्रतिमान फसते. म्हणून प्रतिमान तपासताना शेवटचा आकडा जुळतो का एवढेच पाहून चालत नाही, मधल्या पायऱ्याही जुळतात का ते पाहावे लागते. फुटबॉलच्या खेळात ही चूक घरबसल्या, कोणाचे नुकसान न होता पाहायला मिळते, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

वर्गात करून पाहा

१. पट्टी पकडणे: एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ बोटे ठेवून ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला ०.२० सेकंद लागले, ३० सेंटिमीटर घसरली तर ०.२५ सेकंद. (गुरुत्वाकर्षणाने पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून विद्यार्थ्यांनीच हे काढावे.) मग दोन पट्ट्या घ्या आणि दोन हातांनी दोन ठिकाणी पकडायला सांगा. कोणती पडेल ते आधी सांगू नका. वेळ किती वाढतो? काहींच्या हातून पट्टी सुटेलच. बचावपटूची स्थिती त्यावरून कळेल.

२. मैदानावरचा आडवा पास: ३० मीटर अंतरावर दोन मुले उभी करा. त्यांच्यापासून काही पावले पुढे, मधोमध एक बचावपटू ठेवा. एकाने दुसऱ्याला जमिनीवरून जोरात पास द्यावा. चेंडू पोचला त्या क्षणी शिट्टी वाजवा आणि बचावपटू किती दूर राहिला ते मोजा. चेंडूचा वेग बदलून पाहा. बचावपटू आधीपासून पळत असेल, किंवा उलट्या दिशेने पळत असेल, तर काय होते?

३. लयीचा आलेख: दूरदर्शन संचावर एखाद्या खऱ्या सामन्याचा भाग पाहा. एका संघाला चेंडू मिळाल्यापासून तो जाईपर्यंत, किंवा गोलावर फटका मारेपर्यंत, किती सेकंद गेले आणि किती पास झाले, याची नोंद करा. अशा पन्नास नोंदी पुरतील. मग व्हिडिओ गेमच्याही पन्नास नोंदी घ्या. दोन्हींच्या सरासऱ्या काढाच, पण तेवढ्यावर थांबू नका. ०-५ सेकंद, ५-१० सेकंद, १०-१५ सेकंद असे गट पाडून दोन स्तंभालेख काढा.

आमचा अंदाज असा, की सरासरीपेक्षा आलेखांच्या आकारात जास्त फरक दिसेल. खऱ्या खेळाचा आलेख उजवीकडे लांब पसरलेला असेल. थोड्या, पण खूप लांब, संयमी चढाया त्या शेपटात असतील. पडद्यावरच्या खेळात हे शेपूट आखूड असेल. अंदाज चुकला, तर तो का चुकला याचा शोध विद्यार्थ्यांनीच घ्यावा. कोणत्या संघाचा सामना निवडला, तो पुढे होता की मागे, खेळातील काठिण्यपातळी कोणती होती, हे सर्व नोंदवहीत लिहिलेले असेल तर तो शोध सोपा जाईल.